‘अपेक्षित’ आणि ‘स्वमत’

ज्या पुस्तकांचे परीक्षण मासिकांतून सहसा येत नाही, परंतु परीक्षेच्या दिवसांत ज्यांची पाने घरोघर उलटली जातात, अशी पुस्तके म्हणजे दहावी-बारावीच्या मार्गदर्शिका, तयार टिपणे आणि ‘२१ अपेक्षित’ या नावाने ओळखले जाणारे प्रश्नसंच होत. त्यांस वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद बाजूस ठेवू. कवितेविषयी काय बोलावे आणि ते कोणत्या गद्यात बोलावे, याचा पहिला धडा पुष्कळ मुलांस तेथेच मिळतो. एवढ्या एका कारणासाठीही टीकाकाराने त्यांची दखल घेतली पाहिजे.

एक ग्रंथ समजावून देण्यासाठी दुसरा ग्रंथ लिहिणे यात मुळीच कमीपणा नाही. १२९० साली सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ ही गीतेवरील टीकाच होय. कालिदासाच्या काव्यांवर ‘संजीवनी’ लिहिणाऱ्या मल्लिनाथाने तर आरंभीच प्रतिज्ञा केली, की मुळात आधार नसलेले आणि अपेक्षित नसलेले असे काही आपण लिहिणार नाही. तेव्हा ‘अपेक्षित’ हा शब्द टीकेच्या व्यवहारात जुनाच आहे. भेद इतकाच, की मल्लिनाथापुढे अपेक्षा होती ती श्लोकापाशी अडलेल्या वाचकाची. आजच्या प्रश्नसंचापुढे अपेक्षा आहे ती परीक्षकाची. वाचकाची अडचण दूर झाली की तो पुन्हा मूळ श्लोकाकडे वळतो. परीक्षकाची अपेक्षा पुरी झाली की मुळाकडे वळण्याचे प्रयोजनच उरत नाही.

रसग्रहणाचा मासला पाहावा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मथळे ठरलेले. मग संताचा अभंग असो, कामगाराची कविता असो वा पावसाचे वर्णन असो, भाषा साधी पण परिणामकारक आणि आशय हृदयस्पर्शी ठरतो. कवितेचे नाव बदलले तरी उतारा कोठे अडखळत नाही. जे रसग्रहण सर्व कवितांस लागू पडते ते एकाही कवितेचे नव्हे, हे मात्र विद्यार्थ्यास कोणी सांगत नाही.

याहून विलक्षण प्रकार ‘स्वमता’चा. पाठांतरास आळा बसावा म्हणून भाषाविषयांत जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली आणि तीत विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारले जाऊ लागले. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु मार्गदर्शिकांनी स्वमतही छापून दिले! आता विद्यार्थी ‘मला असे वाटते’ हे शब्दसुद्धा पाठ करतो. दुसऱ्याचे ज्ञान उसने घेणे हा शिक्षणाचा भागच आहे. दुसऱ्याचे वाटणे उसने घेणे ही मात्र प्रतारणा होय, आणि ती विद्यार्थी स्वतःशीच करीत असतो.

केवळ भाषाविषयांतच असे घडते असे नाही. इतिहासाचे उदाहरण म्हणून मीरा-भाईंदरच्या हद्दीतील घोडबंदर घेऊ. २०२० साली आलेल्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात ‘वसाहतवाद आणि मराठे’ हे प्रकरण आहे. पोर्तुगिजांशी झालेल्या संघर्षाचा विचार करताना चिमाजी आप्पांच्या मोहिमेपाशी थांबावेच लागते. घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. वसई हाती आली ती १७३९च्या मे महिन्यात. गावातील विद्यार्थी एकदा त्या किल्ल्यावर चढून खालच्या खाडीकडे पाहील, तर ठाण्याहून वसईकडे जाणाऱ्या या जलमार्गावर पहारा कशासाठी होता, हे त्यास कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. मार्गदर्शिकेत तीच गोष्ट क्रमांक घातलेले चार मुद्दे होऊन येते. ते मुद्दे खोटे नसतात. पण घोडबंदरच्या मुलाचे उत्तर आणि किल्ला कधी न पाहिलेल्या चंद्रपूरच्या मुलाचे उत्तर यांत मग अक्षराचाही फरक राहत नाही. किल्ला दाराशी असूनही उत्तरात येत नाही, कारण तो ‘अपेक्षित’ नसतो.

तथापि सर्व दोष या पुस्तकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या घरात पूर्वी कोणी बारावीपर्यंत पोहोचलेले नाही, ज्यास शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्या घरातील मुलास मार्गदर्शिका हाच एक परवडणारा शिक्षक असतो. अवघड उतारा सोपा करून सांगणे, सरावासाठी प्रश्न पुरविणे, वर्षभराच्या अभ्यासाची उजळणी करून देणे, ही कामे ती चोख बजावते. शिवाय ठराविक उत्तरास पूर्ण गुण आणि वेगळ्या उत्तरास शंका, अशी तपासणी जोवर चालते, तोवर ठराविक उत्तराचा व्यापार चालणारच. ‘अपेक्षित’ काय ते परीक्षक ठरवितो, मार्गदर्शिका ते छापते एवढेच.

म्हणून या पुस्तकांवर बहिष्कार घालावा असे आम्ही म्हणत नाही. त्यांस मल्लिनाथाची कसोटी मात्र लावावी. जे टिपण वाचून विद्यार्थ्यास मूळ कविता पुन्हा उघडावीशी वाटते, ते टीका या नावास पात्र आहे. जे वाचून पाठ्यपुस्तक मिटले जाते, ते कितीही बिनचूक असले तरी टीका नव्हे. आणि स्वमताचा रकाना मार्गदर्शिकांनी कोराच सोडावा. तेथे घोडबंदरच्या मुलाने चार ओळी अडखळत लिहिल्या तरी त्या त्याच्या असतील, आणि परीक्षकानेही त्या ‘अपेक्षित’ मानाव्यात.