न विचारलेला प्रश्न

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा मराठी चित्रपट आम्ही धर्मग्रामातील तरुणांसमवेत नुकताच पुन्हा पाहिला. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. तरुणांचा मात्र विरसच झाला. ‘दामिनी’त (१९९३) वकील तारखा देणाऱ्या न्यायालयावर गरजतो आणि चित्रगृह टाळ्यांनी दुमदुमते, येथे कोणी गरजतच नाही. (आमच्या भागात जमिनीच्या दाव्यातील बापाच्या तारखा मुलगा भोगतो, त्या टाळ्यांमागील तळमळ आम्हांस परकी नाही.)

नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गीत ऐकून एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली. सरकारी वकीलबाई एकोणिसाव्या शतकातील कायद्याची कलमे एकसुरात वाचतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. न्यायाधीश बिनबाह्यांचा पोशाख केलेल्या स्त्रीचे प्रकरण ऐकण्यास नकार देतात. यांतील कोणी लाच खात नाही, कोणी दुष्टही नाही. खलनायक नसल्यामुळे प्रेक्षकाच्या संतापाला टेकायला जागा उरत नाही. सुटीसाठी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवतात आणि पडद्यावर काळोख रेंगाळतो, तेव्हा आम्हांस फादर स्टॅन स्वामी आठवले. कंपवाताने हात थरथरत, म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात ८३ वर्षांच्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी तुरुंगातून पाणी पिण्याच्या नळीसाठी अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तरास २० दिवस मागून घेतले. ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

परंतु चित्रपटाचा प्राण आहे तो मृताच्या पत्नीच्या साक्षीत. नवरा कोणत्याही साधनांविना गटारात उतरत असे. आधी आत खडा टाकी. झुरळ वर आले, तर उतरण्यास हरकत नाही असे समजे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. दुर्गंधी सोसवेना म्हणून तो दारू पिई. हे सारे ती भाव न दाखविता, विचारले तेवढेच सांगते. इतके ऐकूनही त्याला असे खाली पाठविले कोणी, हे न्यायालय विचारीत नाही. खटल्याचा निकाल महिन्याभरात लागला असता, तरी तो प्रश्न तसाच राहिला असता. विलंबाविषयीचा लोकांचा संताप रास्तच आहे. तो येथवर पोहोचत नाही, एवढेच.

साक्षीनंतर बचावाचे वकील तिला मोटारीतून सोडताना पैसे देऊ करतात. ती काम मागते. आमची तक्रार याच ठिकाणी आहे. दिग्दर्शक आपणांस दोन्ही वकिलांच्या घरी जेवणाच्या ताटापर्यंत नेतो, न्यायाधीशांच्या सहलीलाही नेतो. त्या बाईच्या उंबरठ्याच्या आत मात्र नाही. न्यायालयाने तिला चार प्रश्न विचारून मोकळे केले, आणि कॅमेऱ्यानेही जवळजवळ तेच केले.