योग्य तो शब्द

मराठी भाषेत 'योग्य' या शब्दाइतका सुखी शब्द दुसरा नसेल. त्याला काम नाही, जबाबदारी नाही, बदली नाही. सोबतीला एक 'तो', 'ती' किंवा 'ते' घेऊन तो कुठल्याही अर्जात, ठरावात, अहवालात ऐसपैस बसतो आणि निवृत्तीपर्यंत तिथून हलत नाही. योग्य तो निर्णय, योग्य ती कार्यवाही, योग्य ते सहकार्य. आता निर्णय कोणता, कार्यवाही कसली आणि सहकार्य म्हणजे नेमके किती रुपये, हे विचारायची सोय नाही. विचारलंच तर विचारणारा अयोग्य ठरतो.

समीक्षक मंडळी कादंबऱ्या वाचतात, कवितासंग्रह वाचतात. ते त्यांना लखलाभ. मी ज्या ग्रंथाचा अभ्यास केला आहे तो म्हणजे आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीचं इतिवृत्ताचं रजिस्टर. जाड पुठ्ठा, लाल कापडी पाठ, दोनशे पानं. तीन वेगवेगळ्या चिटणिसांनी लिहूनही हा ग्रंथ एकहाती वाटतो. अर्थाला स्पर्श न करता किती मजकूर लिहिता येतो, याचा इतका उत्तम नमुना छापील वाङ्मयातही क्वचितच सापडेल. वानगीदाखल एक उतारा देतो :

"इमारतीच्या दुरुस्तीच्या विषयावर साधकबाधक चर्चा झाली. सभासदांनी विविध सूचना मांडल्या. त्यांचा यथायोग्य विचार करून लवकरात लवकर योग्य तो निर्णय घेण्याचे सर्वानुमते ठरले."

आता मी त्या सभेला हजर होतो. साधकबाधक चर्चा झाली हे खरंच, फक्त त्यात साधक एक होता आणि बाधक अकरा. विविध सूचना म्हणजे मोजून दोन. एक, बाहेरून रंग काढावा. दुसरी, रंग काढू नये. 'यथायोग्य' ही 'योग्य'चीच थोरली बहीण, माहेरपणाला आलेली. 'लवकरात लवकर' तर भलतंच विनोदी प्रकरण आहे. आपल्या भाषेत आज आहे, उद्या आहे, परवा आहे, आणि परव्याच्या पलीकडे तेरवासुद्धा आहे. इतक्या पुढच्या दिवसाला नाव देऊन ठेवणाऱ्या माणसांनी शेवटी गाठायचं काय, तर 'लवकरात लवकर'! हा दिवस कुठल्याही कॅलेंडरात लाल शाईने नाही की काळ्या शाईने नाही. आणि 'सर्वानुमते' म्हणाल, तर त्या वेळेपर्यंत निम्मे सभासद मालिका बघायला घरी गेले होते.

पण या उताऱ्यातलं खरं कसब आहे ते 'घेण्याचे ठरले' मध्ये. शाळेत बाई विचारायच्या, "वाक्यातला कर्ता ओळखा." इथे साक्षात बाई आल्या तरी त्यांना कर्ता सापडायचा नाही. कुणी घ्यायचा निर्णय? अध्यक्षांनी? चिटणिसांनी? की वरच्या टाकीने? आठ दिवसांनी कुणी विचारायला गेलं तर सगळे एकमेकांकडे बघणार आणि म्हणणार, ठरलं होतं खरं.

लोक सरकारी मराठीला नावं ठेवतात ती तिच्या अवघड शब्दांवरून. १९६२ साली सरकारी हुद्द्यांचा पदनाम कोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याचं बारसं 'बदनाम कोश' असं करून टाकलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. मी अत्र्यांचा भक्त आहे, तरी या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. 'अधिदान व लेखा अधिकारी' हा शब्द तोंडात बसायला महिना लागतो हे कबूल. पण एकदा बसला की तुम्ही बरोबर त्याच दारात उभे राहता. अवघड शब्द हा जड कुलपासारखा असतो. किल्ली मिळाली की उघडतो. 'योग्य ती कार्यवाही' हे दारच नाही. भिंतीवर काढलेलं दाराचं चित्र आहे. माणसं वर्षानुवर्षं त्याच्यावर टकटक करतात.

मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे शब्दाला किंमत असते हे मला बी.कॉम.ला असतानाच शिकवलं गेलं, आणि तेही मराठीच्या तासाला नव्हे, कायद्याच्या. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं अठरावं कलम असं सांगतं की चेकवरची आकड्यातली रक्कम आणि अक्षरातली रक्कम यांत फरक पडला, तर अक्षरातली खरी धरावी. (बँका असला चेक सरळ परत पाठवतात, ही गोष्ट निराळी. बँकेला कायद्यापेक्षा स्वतःची काळजी जास्त.) पण बघा, आकड्यांचा धंदा करणाऱ्यांनी शेवटी भरवसा ठेवला तो शब्दावर! का? तर आकड्यापुढे एक शून्य वाढवणं सोपं. 'पाच हजार'चे 'पन्नास हजार' करायला हात थोडा तरी थरथरतो. आणि तेवढ्यानेही समाधान नाही म्हणून आपण पुढे लिहितो, 'मात्र'. रुपये पाच हजार मात्र. हा दोन अक्षरांचा गुरखा तिथे उभा असतो म्हणून 'पाच हजार'च्या पुढे कुणाला 'नऊशे' सरकवता येत नाही. मराठी लेखकांनी हा 'मात्र' उशाशी घेऊन झोपावं असं मला पुष्कळदा वाटतं. 'त्यांच्या लेखनाला एक प्रकारची काहीशी आगळीवेगळी अशी लय आहे' हे वाक्य चेकवर लिहून दाखवा बघू. कुठलाही कॅशियर खिडकीतून हात बाहेर काढून विचारेल, "रक्कम किती?"

कॅशियरवरून आठवलं. आमच्या शाखेतले एक कॅशियर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत ते मनमिळाऊ, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष निघाले. पैकी हसतमुख हा शब्द ऐकून खुद्द त्यांनाच ठसका लागला, कारण पस्तीस वर्षांत त्यांचा दात कुणी पाहिला नव्हता. शेवटी शिपाई उठला. म्हणाला, "साहेब नोट हातात घेतल्याबरोबर सांगायचे खोटी आहे म्हणून. पण म्हातारं माणूस असलं की ओरडायचे नाहीत. हळूच बाजूला बोलावून सांगायचे." एवढं बोलून तो खाली बसला. कॅशियरसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुढची दहा मिनिटं पुसतच राहिले. मनमिळाऊ हा शब्द पाच वक्त्यांनी वापरला, तेव्हा चष्म्याला काही झालं नव्हतं.

यावर काही शहाणे उपाय सांगतात की मिळमिळीत शब्द काढा आणि दणदणीत शब्द घाला. हा उपाय रोगापेक्षा वाईट. 'खूप'च्या जागी 'प्रचंड' आला, 'छान'च्या जागी 'अप्रतिम' आला, आणि आता चहा अप्रतिम असतो, उकाडा प्रचंड असतो, पावभाजी तर हल्ली अविस्मरणीयच असते. सुट्टे पैसे नसले की नोटांची बंडलं दाखवण्यातला हा प्रकार. अशक्त माणसाला फेटा बांधला म्हणून तो पैलवान होत नाही, फार तर मान दुखते.

आणि शब्द बाहेरून आणायला हवेत कशाला? मोल्सवर्थ साहेबाने १८५७ साली कोशाची दुसरी आवृत्ती काढली त्यात साठ हजारांच्या आसपास मराठी शब्द होते. तेवढेही नकोत, नुसतं दुखणं घ्या. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, काटा सलतो, खरचटलेलं चुरचुरतं, सोललेली कातडी हुळहुळते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, पोटरीला गोळा येतो, फार वेळ हात वर धरला की दंडाला रग लागते. डॉक्टरने यंत्र लावायच्या आत निम्मं निदान शब्दानेच होतं. माझी आजी दवाखान्यात गेली की डॉक्टर नुसते ऐकत बसायचे. तिचा शिकलेला नातू जातो आणि सांगतो, "थोडंसं पेन होतंय." मग पाचशे रुपयांच्या तपासण्या. भाषा गेली की खर्च वाढतो, तो असा.

जिथे गरज असते तिथे आमची माणसं नेमकी बोलतात हो! ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे इथल्या माणसाला मिनिटाची किंमत ठाऊक. फलाटावर कुणी 'साधारण आठच्या सुमाराची गाडी' म्हणत नाही. आठ-एकोणीस म्हणजे आठ-एकोणीस, आणि बसायला मिळालं तर 'जागा मिळाली' असंही म्हणत नाही. 'चौथी सीट' म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की अर्धं शरीर बाकावर आणि अर्धं परमेश्वरावर. आमच्याकडे रस्त्याचं नाव नव्वद फुटी रस्ता, रेल्वेच्या वसाहतीचं नाव बावनचाळ. 'प्रशस्त मार्ग' आणि 'विविध चाळी' म्हणायचं कुणाला सुचलं नाही, देवाची कृपा. (दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर नव्वदातले किती फूट उरतात, हा भूमितीचा प्रश्न आहे, भाषेचा नव्हे.)

मग हीच माणसं सभेत खुर्चीवर बसली की त्यांना काय होतं? माझ्या मते त्यांना शब्द सुचत नाहीत असं नाही. नेमका शब्द लिहिला की त्याच्यामागून खर्च येतो, तारीख येते, सही येते. म्हणून 'जरा गळतंय', 'थोडी भेग आहे', 'बघू या'. 'जरा' लिहिलं की भेगही आपली जरा समजून घेईल, अशी आशा.

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृकृपा नावाची इमारत कोसळली. नऊ माणसं गेली. त्या रात्रीबद्दल मी इथे विशेषण लिहिणार नाही.

पालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात, त्यातली वर्गवारी एकदा वाचण्यासारखी आहे. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर माणसाने काय करायचं ते क्रियापद. एक विशेषण फुकट नाही. कुणा साहेबाने लिहिलं ठाऊक नाही, पण गद्यलेखक म्हणून मी त्याला आमच्या तिन्ही चिटणिसांच्या वर बसवीन.

तर परवाच्या सभेत पुन्हा तोच विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, "भिंतींना काहीशा भेगा आहेत असं निदर्शनास आलं आहे." चिटणिसांनी 'काहीशा' लिहून घेतलंसुद्धा. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. या काकू सभेत सहसा बोलत नाहीत, लसूण सोलत बसतात.

"अहो, काहीशा काय? माझ्या न्हाणीघराच्या भिंतीत रुपया जातो."

"म्हणजे काकू?"

"म्हणजे रुपयाचं नाणं. दिवाळीत उभं धरून घालून बघितलं तर अर्धं जाऊन अडकलं होतं. काल घातलं तर आत गेलं. परत आलं नाही."

सभेत पंखा तेवढा बोलत होता. सगळ्यांना आपापल्या भिंती आठवल्या. मग कुणीतरी सोसायट्यांचे आदर्श उपविधी काढले. त्यात साफ लिहिलं आहे की इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. आमची इमारत चौतीस वर्षांची. शेवटचं ऑडिट केव्हा झालं ते रजिस्टरात शोधलं, तर 'नजीकच्या काळात करण्यात येईल' असं एकूण सहा वेळा सापडलं.

त्या रात्रीचं इतिवृत्त मी मुद्दाम वाचायला मागितलं. "खोली क्रमांक ३०२, न्हाणीघर, उत्तरेकडील भिंत. रुपयाचे नाणे पूर्ण आत जाईल एवढी भेग. दिवाळीत अर्धे जात होते. ऑडिटसाठी इंजिनियरला चिटणीस स्वतः शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोन करतील." खाली सही. दोनशे पानांत पहिल्यांदा कर्ता सापडला, आणि तो खुद्द लेखकच निघाला.

शुक्रवारी फोन झाला. इंजिनियर आले, हातोडीने भिंती ठोकून गेले, प्लास्टरचे तुकडे पिशवीत घालून घेऊन गेले. अहवालासाठी पुन्हा सभा भरली. खजिनदारांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, खर्च बराच येईल असं दिसतं."

काकूंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"बराच म्हणजे किती?"