चोरी शिकवली कुणी? : 'फकिरा' वाचताना

गुन्हा रक्तात नसतो, तो शिकला जातो, असं सांगणारा एक सिद्धांत आहे. अमेरिकेतल्या सदरलँडनं तो 1939 साली मांडला. माणूस ज्यांच्यात उठतो-बसतो त्यांच्याकडून गुन्ह्याची रीत शिकतो आणि तिचं समर्थनही शिकतो. 1966 ला बर्जेस आणि एकर्स यांनी भर घातली : ज्या कृत्याला बक्षीस मिळतं ते टिकतं, ज्याला शिक्षा मिळते ते सुटतं.

मला हे पटतं. सूतगिरणीत तुटलेला धागा सांधायला मी पुस्तकातून शिकलो न्हाई, शेजारच्या जुन्या कामगाराच्या बोटांकडं बघून शिकलो. शिवाय हा सिद्धांत आपल्या कामाचा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पाळण्यातल्या पोराला चोर ठरवलं. 1911 ला तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. चोर जन्मत नाही, एवढं एकच वाक्य त्याला पुरून उरतं.

पण मग शिकवलं कुणी? इथं आपले पांढरपेशे अभ्यासक वस्तीकडं बोट दाखवतात. बाप चोर, चुलता चोर, म्हणून पोर चोर. म्हंजे रक्त गेलं आणि संगत आली. चोर मात्र तोच राहिला.

अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' काढून बघा. 1959 ची कादंबरी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. मुलूख वाटेगावचा, तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा. राणोजी मांग दुसऱ्या गावाची जोगणी पळवून आणतो, त्यात जीव गमावतो. गाव त्याला वीर म्हणतं. त्याचाच पोरगा फकिरा दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना जगवतो, तर सरकार त्याला दरोडेखोर म्हणतं आणि जातभाईंच्या मागं हजेरी लावतं. बापाची हिंमत तीच, लेकाची हिंमत तीच. गावासाठी वापरली तर मान, पोटासाठी वापरली तर बेडी. बक्षीस आणि शिक्षा कुणाच्या हातात आहे, हे त्या सिद्धांतवाल्यांनी आधी बघावं. ह्याच मुलखात 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी रेल्वेतला सरकारी पैसा लुटला. त्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, ते रास्तच आहे. मग फकिरा कोण?

कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे. फकिरा इतका थोर आहे की त्याच्यासाठी कुणीही रडेल. रडून बाहेर पडलेला वाचक एस. टी. स्टँडवर पाकीटमार पोराला तुडवायला मोकळा! त्या पोराची बाजू लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'नं 1987 ला मांडली. चोरी शिकवली जाते हे त्यात लपवलेलं नाही, आणि कष्टाचं काम मागायला गेलं की जात आडवी येते हेही.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत मास्तर दाखवून दिलाय. गुन्हा हेच पोटाचं साधन म्हणून शिकवलेला एक समूहच जी निर्माण करते, तिला संस्कृती म्हणायचं काय, असा त्यांचा सवाल आहे. आरोपी वस्ती नाही, संस्कृती आहे.

कायदा 1952 ला रद्द झाला. पण 1959 ला मुंबई राज्यानं 'सराईत गुन्हेगारां'चा कायदा केला. तुरुंगात जात बघून काम वाटू नका, हे सुप्रीम कोर्टाला 2024 साली सांगावं लागलं. शिकलेलं सुटत नाही ते असं, आणि हे शिकलेले लोक वस्तीतले नव्हते.

तेव्हा दोस्तहो, चौकीवर कुणी म्हणालं 'पोराची संगतच वाईट', तर विचारा : साहेब, तुम्ही आमच्या वस्तीला चोर म्हणायला कुणाच्या संगतीत शिकलात?