जुन्या रायफली, तीन शब्द आणि माझे वाया गेलेले चार महिने

नुकतंच पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालेल्या, किंवा अजून पेट-सेट-नेटच्या रांगेत असलेल्या तुम्हा सगळ्यांना आज एक जरा विचित्र वाचन सुचवते. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वीच्या सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफली जमवणारे लोक आहेत. हे लोक आपल्या संग्रहाबद्दल जे लिहितात, ते वाचा. त्यात संशोधनाच्या चांगल्या सवयी सापडतील, आणि वाईटही. दोन्ही इतक्या ठळक आहेत की पद्धतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर लक्षात राहतात.

मी तिथे कशी पोचले? माझं काम पोलादावर बसणाऱ्या ऑक्साईडच्या पातळ थरावर आहे. बंदुकीच्या पोलादाला जो निळसर काळा रंग देतात, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तो रंग म्हणजे मॅग्नेटाईटचा थर. एका जुन्या पद्धतीत पोलाद मुद्दाम गंजवतात, मग पाण्यात उकळतात. तांबूस गंजाचा काळा मॅग्नेटाईट होतो. तो घासून पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. या प्रक्रियेवर शोधता शोधता मी संग्राहकांच्या लिखाणात अडकले आणि बाहेर यायला बराच वेळ लागला.

आधीच सांगते, मी अशी रायफल कधी हातात धरलेली नाही. आमच्या कोकणातल्या घरी आजोबांची शेतीच्या राखणीची परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. माझा बंदुकीशी संबंध एवढाच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद उरलेला नाही, आणि तो उरला नाही याचं मला वाईटही वाटत नाही. तेव्हा हा लेख बंदुका जमवायला सांगत नाही. जमवणारे लोक विचार कसा करतात, यावर आहे.

मुळात या रायफली कुठल्या?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन कंपन्यांनी शिकाऱ्यांसाठी अशा रायफली बाजारात आणल्या. रेमिंग्टनची रायफल जॉन ब्राउनिंगने रचलेली होती. ती १९०६ मध्ये आली, आणि १९११ पासून तिला ‘मॉडेल ८’ म्हणू लागले. विंचेस्टरच्या रायफली टी. सी. जॉन्सनच्या. १९०३ मध्ये त्याची छोटी .२२ आली, आणि तीच कल्पना मोठी करत १९०५, १९०७ आणि १९१० ची मॉडेलं निघाली.

दोघांपुढे प्रश्न एकच होता. गोळी सुटताना नळीत प्रचंड दाब असतो. तो उतरण्याआधी मागचा बोल्ट उघडला तर काडतुसाचं कवच फुटेल आणि नेमबाजाच्या तोंडावर वायू येईल. मग बोल्टला थांबवायचं कसं?

ब्राउनिंगने नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकवले. गोळी सुटली की दोन्ही एकत्र मागे जातात. पूर्ण मागे गेल्यावर बोल्ट तिथेच थांबतो, नळी पुढे परतते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि मग बोल्ट पुढे येताना नवं काडतूस आत ढकलतो. या रायफलीच्या फोटोत जी जाड नळी दिसते, ती खरी नळी नाहीच. ते बाहेरचं वेष्टण आहे, खरी नळी त्याच्या आत मागे-पुढे सरकते.

जॉन्सनने बोल्ट अडकवलाच नाही, फक्त जड केला. हे गणित तुम्ही अकरावीच्या फिजिक्सवर करू शकता. १९०७ च्या मॉडेलची गोळी साधारण ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ५६५ मीटरच्या आसपास. म्हणजे संवेग सुमारे ६.६ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेने बोल्टला मिळणार. (दारूच्या वायूंचा वाटा सोडून देऊ, हिशेब ढोबळच आहे.) बोल्टचं वजन एक किलो धरलं तर तो सेकंदाला ६.६ मीटरने मागे येईल. अर्धा किलो धरलं तर वेग दुप्पट, आणि शोषून घ्यावी लागणारी ऊर्जाही दुप्पट. म्हणून विंचेस्टरने नळीखालच्या लाकडाच्या आत बोल्टला जोडलेलं एक मोठं वजन लपवलं. पहिलं काडतूस चढवायला पुढे आलेला एक दांडा तळहाताने आत दाबायचा. आणि आत ते वजन सतत आदळत असल्यामुळे हे पुढचं लाकूड तडकणं हे या रायफलींचं नेहमीचं दुखणं.

संग्राहकाचा आनंद मला इथे पहिल्यांदा कळला. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची आणि प्रत्येक उत्तराची किंमत कुठे मोजावी लागली ते बघायचं. एकाने गुंतागुंत वाढवली, दुसऱ्याने वजन. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण हेच करायचं असतं. आपण मात्र ‘अमुक यांनी हे केले, तमुक यांनी ते केले’ अशी यादी लावतो आणि चाळीस पानं झाली म्हणून खूश होतो.

हे लोक आपल्यापेक्षा काय चांगलं करतात

रेमिंग्टन १९२१ पासून नळीवर छोटी अक्षरं ठोकू लागली. महिन्यासाठी ‘ब्लॅकपावडरएक्स’ या शब्दाची इंग्रजीतली बारा अक्षरं क्रमाने घ्यायची. बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, शेवटचं एक्स म्हणजे डिसेंबर. सोबत वर्षाचं अक्षर. नवखा माणूस ही अक्षरं वाचतो आणि म्हणतो, रायफल अमुक साली बनली.

मुरलेला संग्राहक म्हणतो, थांब. ही तारीख नळीची आहे. मॉडेल ८ चे दोन भाग सहज सुटे होतात, नळी दुसऱ्या रायफलीची असू शकते. कारखान्यात दुरुस्तीला गेली तेव्हा बदललेली असू शकते. शिवाय वर्षाची अक्षरं काही वर्षांनी पुन्हा वापरली गेली. म्हणून अनुक्रमांक बघ, बाकी खुणा बघ, सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघ, आणि मगच साल सांग.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. कारण सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला पोलादाच्या चकत्यांचा एक संच मिळाला. पाकिटांवर तारीख होती. ती मी पॉलिश केल्याची तारीख समजले आणि ऑक्साईडच्या थराचं वय तिथून मोजलं. आलेख काही केल्या जुळेना. चार महिने मी उपकरणाला दोष दिला, कॅलिब्रेशन तीनदा केलं, एकदा तर नवीन यंत्रणा सापडली असं वाटून गाईडना उत्साहाने मेलही केली. शेवटी कळलं की ती चकत्या पाकिटात भरल्याची तारीख होती. पॉलिश पाच आठवडे आधीचं. सर एवढंच म्हणाले, “लेबल कुणी लिहिलं, ते विचारलंस का?” नव्हतं विचारलं.

दुसरी गोष्ट ब्लूइंगची. पुन्हा रंगवलेल्या रायफलीची किंमत खूप उतरते, त्यामुळे नंतरचा हात ओळखणं हे संग्राहकाचं रोजचं काम. तो रंग बघतच नाही. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बघतो. पुन्हा रंगवण्याआधी पोलाद घासावं लागतं, आणि घासलं की अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बशीसारखे खोलगट होतात. रंग कितीही सुंदर जमला तरी कडा चुगली करतात. आपल्या विषयात कुणी डेटा ‘स्मूथ’ करून दिला असेल तर तो कसा ओळखायचा, हे मला यापेक्षा सोप्या भाषेत कुणी शिकवलेलं नाही.

आणि आता तक्रारी

माझ्या तक्रारी तीन शब्दांबद्दल आहेत. हे शब्द संग्राहकांच्या लिखाणात जवळजवळ प्रत्येक पानावर येतात, आणि आपल्या शोधनिबंधांतही.

पहिला शब्द ‘पहिली’. विंचेस्टरवाले १९०३ च्या .२२ चा हवाला देतात. कुणी म्हणतं ती छोटी, खरी सुरुवात १९०५ ची. रेमिंग्टनवाले म्हणतात, मोठ्या ताकदीच्या काडतुसासाठी बोल्ट अडकवणारी आमची १९०६ ची. तिघंही बरोबर आहेत, कारण प्रत्येकाने आपल्याला हवं ते विशेषण जोडून घेतलंय. पुरेशी विशेषणं लावली की जगातली कुठलीही गोष्ट पहिली ठरते. याचाच भाऊ म्हणजे वंशावळ लावण्याची घाई. मॉडेल ८ च्या उजव्या बाजूला सेफ्टीची एक मोठी पत्र्याची पट्टी आहे, आणि ती नंतरच्या एके-४७ वरच्या पट्टीसारखी दिसते. साम्य खरंच आहे. पण ‘तिथून उचलली’ हे वाक्य वारंवार येतं आणि पुरावा म्हणून पुन्हा ते साम्यच पुढे केलं जातं. तुमच्या प्रस्तावनेत ‘प्रथमच’ हा शब्द आला की त्याच्या आजूबाजूची विशेषणं मोजा.

दुसरा शब्द ‘दुर्मिळ’. विंचेस्टरची १९०७ ची रायफल सुमारे ५८ हजार बनली, १९१० ची सुमारे २० हजार. बेल्जियमच्या एफएन कंपनीने ब्राउनिंगच्या याच रचनेची आवृत्ती काढली, ती पाच हजारांच्याही आत. साहजिकच तिच्यावर सगळ्यांचा डोळा. पण कमी बनली याचा एक साधा अर्थ कमी खपली असाही असतो. दुर्मिळपणा हा गुण मानला की तो प्रश्नच मागे पडतो.

इथेच सर्वांत मोठा घोटाळा आहे. संग्राहक आज शिल्लक असलेल्या रायफली बघतो आणि तेव्हा बनलेल्या रायफलींबद्दल बोलतो. विचार करा. ‘.३५ रेमिंग्टन’ हे काडतूस मॉडेल ८ बरोबर आलं आणि आजही बनतं. म्हणून त्या रायफली दशकानुदशकं जंगलात गेल्या, ओरखडल्या, दुर्बिणीसाठी भोकं पाडून घेतली. १९१० च्या विंचेस्टरचं .४०१ चं काडतूस बाजारातून गेलं, आणि गोळ्या नसलेली रायफल माळ्यावर पडून राहते. आता समजा, .४०१ च्या रायफली जास्त चांगल्या अवस्थेत सापडल्या. त्यावरून विंचेस्टरचं पोलाद सरस होतं, असं म्हणता येईल का? नाही. तुम्ही मोजलंत ते पोलाद नाही, काडतुसाची उपलब्धता आहे. हे उदाहरण पाठ करून ठेवा. व्हायव्हामध्ये ‘कन्फाउंडिंग म्हणजे काय’ विचारलं की उपयोगी पडेल.

तिसरा शब्द ‘मूळ’. रायफल जशी कारखान्यातून निघाली तशी हवी, एकही सुटा भाग बदललेला नको. समजण्यासारखं आहे, कारण बदललेला भाग म्हणजे हरवलेला पुरावा. पण विंचेस्टरच्या या रायफलींत बोल्टचा धक्का शोषायला तंतूमय चकती असते, आणि ती काळाने भुगा होते. ‘मूळ’ म्हणून ती तशीच ठेवून रायफल चालवली तर पोलाद पोलादावर आदळतं, आणि जे जपायचं तेच तडकतं. बदलली तर ती पूर्णपणे मूळ राहत नाही. शहाणे संग्राहक चकती बदलतात, जुनी डबीत ठेवतात आणि चिठ्ठी लिहितात. आपल्याकडे याला रॉ डेटा फाइल वेगळी ठेवणं म्हणतात. किती जण ठेवतो, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जे लिहिलंच जात नाही

२३ मे १९३४ रोजी लुईझियानात बॉनी आणि क्लाईड यांच्यावर जो दबा धरून गोळीबार झाला, त्यात फ्रँक हेमर याच्याकडे मॉडेल ८ होती, असं सांगितलं जातं. अशा कथेने रायफलीचा भाव कुठल्या कुठे जातो. म्हणूनच संग्राहकांत एक समंजस सल्ला फिरतो की पैसे बंदुकीला द्या, तिच्या कथेला नाही. सल्ला उत्तम. तरी मला त्यात काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. नळीची लांबी, लाकडाचा पोत, अक्षराचा कोपरा, सगळं नोंदवलं जातं. ही वस्तू हरीण मारायला बनली होती आणि माणसांवरही वापरली गेली, हे मात्र एखाद्या रंजक परिच्छेदापुरतं येतं. वस्तूकडे इतकं जवळून बघितलं की ती कशासाठी होती हे दिसेनासं होतं. आपल्या लॅबमध्येही हे होतं. थराची जाडी नॅनोमीटरमध्ये सांगणाऱ्या मला पहिल्या सेमिनारला कुणीतरी विचारलं होतं, “हा थर कुठे लागतो?” आणि मी तीन सेकंद गप्प होते.

तरीही हे वाचन मी सुचवतेय, कारण यातला आनंद खोटा नाही. पगारासाठी नाही, प्रमोशनसाठी नाही, तरी एक माणूस संध्याकाळभर भिंगाखाली एका स्क्रूच्या भोकाचा काठ बघतो, आणि दिसलं तेवढंच लिहितो. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, जेव्हा स्टायपेंड तीन महिने लांबलेलं असतं आणि पेपर परत आलेला असतो, तेव्हा टेबलाशी बसायला लावणारं दुसरं काही आपल्याजवळही नसतं.

तर या आठवड्याचं काम. घरातली एक जुनी वस्तू घ्या. आजीचा अडकित्ता चालेल, बाबांचं घड्याळ चालेल. तिचं एक पानभर वर्णन लिहा. ‘पहिलं’, ‘दुर्मिळ’ आणि ‘मूळ’ हे शब्द वापरायचे नाहीत. प्रत्येक वाक्यापुढे कंसात लिहायचं की हे तुम्ही पाहिलं, कुणी सांगितलं, की अंदाज केला. मी आजोबांच्या बंदुकीवर हे करून बघितलं. पानभर मजकुरात ‘पाहिलं’ फक्त चार वाक्यांपुढे आलं. बाकी सगळं घरच्यांनी सांगितलेलं.