शासकीय भिंतींवरील कला : रोम, कुलाबा आणि त्रिरश्मी

रोम येथील इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘फार्नेझिना’ ही वास्तू मुळात फासिस्ट पक्षाच्या मुख्यालयासाठी योजिली गेली. काम १९३७ मध्ये सुरू झाले, पूर्ण झाले ते १९५९ मध्ये. तोवर तो पक्ष उरला नव्हता. आज तेथील दालनांत विसाव्या शतकातील इटालियन चित्रे व शिल्पे मांडलेली आहेत. त्यांतील बहुतांश कृती कलावंतांकडून किंवा संस्थांकडून उसन्या घेतलेल्या आहेत. ‘संग्रह’ या शब्दात ‘ग्रह्’ म्हणजे धरणे हा धातू आहे. येथे शासन काही धरून ठेवीत नाही, केवळ आश्रय देते. तथापि १९४९ च्या कायद्याने इटलीत सार्वजनिक इमारतींच्या खर्चाचे दोन टक्के कलाकृतींसाठी राखून ठेवले, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. तेथे कायद्याने नव्हे, तर होमी भाभांच्या अभिरुचीने संग्रह घडविला. गायतोंडे, हेब्बर, आरा यांची चित्रे त्यांनी हे कलावंत हयात व उमेदीत असतानाच विकत घेतली. प्रवेशदालनातील भित्तिचित्रासाठी पिकासोला पाचारण करण्याचा विचार १९६२ मध्ये झाला होता. अखेर निवड हुसेन यांची झाली. सुमारे ४५ फूट लांबीच्या या चित्राचे नाव ‘भारत भाग्य विधाता’. गीतात हे संबोधन आहे. चित्राला लागताच ते नाम होते आणि हा विधाता कोण, असा प्रश्न उभा राहतो. वैज्ञानिक? शासन? की चित्रातील माणसे? माझ्या मते चित्राचे बळ या संदिग्धतेत आहे. नुसते अलंकरण म्हणून त्याची प्रशंसा करणारे समीक्षक तिकडे पाहतच नाहीत.

उणीव आहे ती वेगळी. पहारा ओलांडून आत जाणाऱ्यालाच ही सार्वजनिक चित्रे दिसतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने आपले दान प्राकृतात भिंतीवरच कोरविले : तीन हजार कार्षापणे, ती गोवर्धनच्या कोणत्या श्रेणींकडे ठेवली, व्याज किती, त्यातून भिक्षूंना वस्त्रासाठी काय मिळावे. आश्रयदात्याची आत्मस्तुती त्यात आहेच. परंतु पैशाचा हिशेबही आहे, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या भाषेत आहे.