शेवट ठाऊक असलेली गोष्ट

तमाशाला आलेल्या माणसाला पुढे काय होणार हे आधीच माहीत असतं. आधी गण, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवली जाणार, मावशी हुज्जत घालणार. सगळं पाठ असूनही तो पैसे मोजून येतो, कारण मावशी आज काय बोलेल हे त्याला ठाऊक नसतं. गावातली कालची भानगडही तिच्या तोंडी येऊ शकते. चित्रपट-प्रकारांचा सगळा व्यवहार मला या गवळणीत दिसतो.

मराठी तमाशापट याच प्रेक्षकावर पोसला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. एवढे आठवडे एखादा चित्रपट निव्वळ नव्या प्रेक्षकांवर चालत नाही. पुढे तर साचा इतका रुळला, की पाटलाची नजर नाचणारीवर पडली की उरलेली गोष्ट पिटातलं पोरही सांगेल.

‘पिंजरा’ (१९७२) उभा राहिला तो या पाठांतराच्या जोरावर. मूळ गोष्ट जर्मन ‘ब्लू एंजल’ची, पण व्ही. शांताराम यांनी तमाशापटाची सामग्री तशीच ठेवून बरबाद होणाऱ्या पाटलाच्या जागी मास्तर बसवला. तमाशा गावातून हाकलायला निघालेला श्रीराम लागूंचा मास्तर फडाच्या मागे वणवण करू लागतो. गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं आणि त्याच्यावर आरोप येतो तो स्वतःच्याच खुनाचा. लावणी, ढोलकी, माडी हे ओळखीचं नसतं, तर हा तिढा प्रेक्षकाने इतक्या सहज पचवला असता असं वाटत नाही. (त्यातला नीतिपाठ मात्र आज जड होतो.) ‘सैराट’नेही (२०१६) पूर्वार्धात आपल्याला प्रेमपटाची सगळी सुखं हात सैल सोडून दिली, म्हणून उत्तरार्धात गाणी थांबल्यावर आपण कचाट्यात सापडलो.

सध्याचं चलनी नाणं शिवकालीन चित्रपटांचं आहे. ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत दिग्पाल लांजेकरांनी ते चांगलंच चालवलं. ‘पावनखिंड’मध्ये (२०२२) बाजीप्रभू पडणार हे शाळकरी मुलालाही माहीत, प्रश्न एवढाच, की विशाळगडावरून तोफांचे आवाज कधी येणार. त्या वाट पाहण्यात खरी पकड आहे. पण इतर वेळी मशाली, घोषणा, संथ गतीतल्या उड्या यांचा क्रमही पाठ झालाय, आणि मावशीला बोलायला जागाच उरलेली नाही. टाळ्या घरूनच ठरवून आणलेल्या असतात.

मला या प्रकारात पुरंदरचा तह पाहायचाय. १६६५ साली मिर्झाराजांसमोर बसून २३ किल्ले द्यायचं कबूल करणारा राजा. शेवट तिथेही सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त दिग्दर्शकाला तलवार म्यानात ठेवून दोन माणसांना बोलतं करावं लागेल.