डोक्यावर न पडलेले सफरचंद

मुळशी तालुक्यातील एका शाळेत विज्ञानदिनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. सातवीच्या मुलांनी न्यूटनवर नाटुकले बसवले होते. पटांगणातल्या आंब्याच्या फांदीला बाजारातून आणलेले सफरचंद दोऱ्याने बांधले होते. दोरा सुटला, फळ न्यूटनच्या कापसाच्या टोपावर आदळले, न्यूटन ‘सापडले, सापडले!’ म्हणून ओरडला आणि टाळ्या पडल्या. (ओरडत पळणारा तो आर्किमिडीज, पण ते असो.)

नंतर भाषणात मी शहाणपणा केला. ही निव्वळ दंतकथा आहे, असे सांगून मोकळा झालो. मुलांचे चेहरे उतरले. नाटुकले चुकले होते, पण मी त्याहून जास्त चुकलो होतो.

कारण ही गोष्ट खुद्द न्यूटननेच सांगितलेली आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी विल्यम स्टकली हा तरुण मित्र त्याच्याकडे जेवायला गेला होता. जेवणानंतर दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा पीत बसले असता, पूर्वी अशाच एका प्रसंगी गुरुत्वाकर्षणाचा विचार आपल्या मनात आला, असे न्यूटन म्हणाला. स्टकलीने ते लिहून ठेवले आहे. त्यात डोके नाही, टेंगूळ नाही, ओरडणे नाही. आहे तो एक प्रश्न : फळ नेहमी सरळ खालीच, पृथ्वीच्या मध्याकडेच का जाते? न्यूटनचा भाचेजावई जॉन काँड्युइट याने तोच प्रश्न पुढे नेलेला दिसतो. ही ओढ झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचते, तर ती चंद्रापर्यंत का पोहोचू नये?

गोष्ट सांगताना पुष्कळदा नेमके हेच वाक्य गाळले जाते. मग उरते ते एवढेच की वस्तू खाली पडतात, हे न्यूटनला कळले. ते तर पोरासोरांनाही ठाऊक होते. पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, असे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत लिहिले आहे. नवे होते ते फळाला आणि चंद्राला एकाच हिशोबात बसवणे.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर एका मुलीने विचारले, “सर, धरणाचं पाणी भिऱ्याला पडतं, सफरचंद पडतं, मग चंद्र का पडत नाही?” मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्याखाली सुमारे ५०० मीटर उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. तिच्या घरच्या परिसरातलेच उदाहरण होते ते. मला परतीची घाई होती. “तो फिरत असतो ना,” म्हणून मी निघालो.

खरे उत्तर असे की चंद्र पडतोच. ओढ नसती तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. त्या रेषेपासून तो दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. झाडावरचे फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. भागाकार करून पाहा, उत्तर ३६०० च्या आसपास येते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून ६० पृथ्वीत्रिज्यांवर आहे आणि ६० चा वर्ग ३६००. म्हणजे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ कमी होते. हा हिशोब नववीच्या मुलाला फळ्यावर करता येतो.

आणि तो न्यूटनलाही एका क्षणात जमला नाही. प्लेगमुळे १६६५ साली केंब्रिज बंद झाले आणि तो वूल्सथॉर्पला घरी आला, तो हा काळ. त्याने पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा लहान धरल्यामुळे त्याच्या सुरुवातीच्या आकडेमोडीत ३६०० ऐवजी चार हजारांहून अधिक पट आले. पुढे १६७९ मध्ये रॉबर्ट हूकशी पत्रव्यवहार झाला, आणि ‘प्रिन्सिपिया’ छापायला १६८७ उजाडले. वीस वर्षांचे हे काम नाटुकल्यात दोरा सुटण्याइतक्या वेळात उरकते. हुशार मुलाला लगेच उत्तर सुचते, ही समजूत वर्गात रुजते ती अशाने, आणि ज्याला लगेच सुचत नाही तो गप्प बसतो.

वूल्सथॉर्पला जे झाड दाखवतात ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वादळात आडवे झाले, पण मुळांशी नाते टिकून पुन्हा फुटले. ‘फ्लॉवर ऑफ केंट’ ही त्याची जात, फळ शिजवून खाण्याचे. त्याच्या वंशातली कलमे जगभर गेली. पुण्यात ‘आयुका’च्या आवारातही ती लावण्यात आली होती. सफरचंदाला फुलण्याआधी हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते, ती पुण्यात कुठली? तरी अशा झाडाचे मला अप्रूप आहे. आक्षेप एवढाच की ते देवळातल्या पिंपळासारखे प्रदक्षिणेपुरते राहू नये. हिशोबाला आंबाही चालतो.

त्या शाळेच्या सरांना मी वरचे आकडे लिहून पाठवले आणि त्या मुलीला दाखवा म्हटले. त्यांचे उत्तर आले आहे. पुढच्या खेपेला नाटुकल्यात चंद्राचेही काम ठेवायचे ठरले आहे, पण सतत पडणारा आणि तरीही जमिनीवर न येणारा चंद्र पटांगणात दाखवायचा कसा, ते त्यांनी मलाच विचारले आहे. मला अजून सुचलेले नाही.